धसका, पत्र्यावरचा पाऊस आणि उपकेंद्रातली एक खोली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा रात्री मृगाचा पहिला मोठा सडाका आला, घरावरचे पत्रे दणादण वाजायला लागले आणि मी अंथरुणातून उठले नाही. कूस बदलली, धाकट्या लेकीच्या अंगावर चादर ओढली आणि पुन्हा झोपले. यात पत्र लिहिण्यासारखं काय आहे, असं कुणाला वाटेल. पण गेल्या सप्टेंबरापासून मी रात्र रात्र टॉर्च घेऊन उंबऱ्याशी बसत होते, पाऊस असो वा नसो.

मी परंडा तालुक्यात सीनेच्या काठच्या एका गावात चौदा वर्षांपासून आशा स्वयंसेविका आहे. सप्टेंबर 2025 मध्ये घटस्थापनेच्या सुमारास आमच्याकडं पूर आला, तेव्हा काय झालं ते आपल्या वाचकांनी वाचलेलं आहे. सोयाबीन गेलं, विहिरी बुजल्या, काठावरच्या रानातली माती खरवडून गेली, खाली नुसता मुरूम उघडा पडला. माझ्या यादीत तेव्हा एक बाई होती, तिचे दिवस भरत आलेले. पाणी चढायला लागलं तसं मी आधी तिच्या घरी पळाले. तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून शाळेवर नेलं, मग दोन म्हाताऱ्या माणसांना आणलं. तिथून माझ्या घराकडं परत जायची वाट राहिली नव्हती. माझी माणसं सुखरूप होती. पण गोठ्यात जर्शी गाय आणि तिची कालवड दावणीला होती. दावं सोडायला कुणी नव्हतं. ती हंबरत होती ते शाळेच्या गच्चीवर ऐकू येत होतं. मग ऐकू येईनासं झालं.

आमच्याकडं याला धसका घेणं म्हणतात. लेकरानं धसका घेतला की म्हातारी माणसं मीठ-मिरच्या ओवाळून टाकतात, अंगारा लावतात. मोठ्या माणसानं धसका घेतला तर त्याला काही करायची पद्धत नाही. त्यानं कामाला लागायचं असतं. मीही लागले. पुरानंतर क्लोरीनच्या गोळ्या वाटल्या, तापाचे पेशंट शोधले, पाण्याचे नमुने दिले. दिवाळीपर्यंत मला वाटत होतं की मी ठणठणीत आहे. नंतर झोप उडाली. मोठ्या लेकीनं बादली जोरात आपटली म्हणून तिच्या अंगावर धावून गेले. कुठं गाय हंबरली की पोटात खड्डा पडायचा आणि हात गार व्हायचे. नदीकडच्या वस्तीवर जायचं टाळायला लागले, तिथली घरभेट उद्यावर ढकलायची आणि उद्या परवावर.

डिसेंबरात एका काकूंचा सी-बॅक फॉर्म भरत होते. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा हा फॉर्म आम्ही आशा घरोघर जाऊन भरतो. तंबाखू खाता का, दारू घेता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का. शेवटी मनाचे दोन प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटला नाही असं किती दिवस झालं? उदास, निराश किती दिवस वाटलं? अजिबात नाही म्हटलं तर शून्य, काही दिवस म्हटलं तर एक, निम्म्याहून जास्त दिवस म्हटलं तर दोन, जवळपास रोज म्हटलं तर तीन. बेरीज तीनच्या वर गेली की त्या माणसाला पुढं पाठवायचं. मी शेकडो वेळा हे प्रश्न वाचलेत, खरं सांगायचं तर घाईघाईनं वाचलेत. त्या दिवशी काकू म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय? तू तुझं सांग." आणि माझं पेन थांबलं. मनातल्या मनात माझी बेरीज सहा झाली होती. सहाच्या वर त्या दोन प्रश्नांची बेरीज जातच नाही.

पहिली चूक मी केली ती मोबाईलवर. एका ॲपची जाहिरात आली, घरबसल्या तज्ज्ञांशी बोला म्हणून. सातशे रुपये भरले. समोर एक तरुण मुलगा आला, हिंदी-इंग्रजीत बोलत होता. मी गोठ्याचं सांगायला लागले तर पाच मिनिटांत म्हणाला, सगळं पहिल्यापासून डोळे मिटून आठवा, मोकळं रडा, आणि रोज सकाळी आरशासमोर चांगले विचार बोला. मी डोळे मिटले, आठवलं, रडले. वेळ संपली, स्क्रीन बंद झाली. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली, हातपाय थरथरत होते आणि विचारायला कुणी नाही. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की त्याचं शिक्षण काही महिन्यांच्या एका ऑनलाइन कोर्सचं होतं. त्या मुलाचा राग येत नाही मला. पण कोवळ्या खपलीवर नख लावणं म्हणजे उपचार नाही, हे त्याला कुणीतरी शिकवायला हवं होतं.

त्यानंतर एका रात्री दोन वाजता 14416 ला फोन लावला. ही टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा, 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आम्ही आशा या नंबरचे पोस्टर चिकटवतो. स्वतः लावताना मात्र बोट थरथरलं. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं की आत्ता स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतंय का. असं सरळ विचारलं तेव्हा मला उलट हलकं वाटलं. मी नाही म्हटलं, ते खरंच होतं. मग त्यांनी मला श्वास मोजायला लावला आणि जिल्हा रुग्णालयात दाखवून घ्या म्हणाल्या. ते वीस मिनिटांचं बोलणं माझ्या फार कामाला आलं. मात्र हेल्पलाइनवर आज एक माणूस असतं, उद्या दुसरं. अडीनडीला ते पुरतं. धसक्याला पुरत नाही. दर वेळी नव्या माणसाला गाय पहिल्यापासून सांगायची, हे मला जमणारं नव्हतं.

धाराशिवला जायचं म्हणजे आम्हाला बार्शीवरून फिरून जावं लागतं, अख्खा दिवस मोडतो. गेले. डॉक्टरांनी थायरॉइड, बीपी, रक्त तपासलं. औषधाची आत्ता गरज नाही, पण दर आठवड्याला समुपदेशन हवं, असं सांगितलं. दर आठवड्याला धाराशिव! मोबदल्यावर काम करणाऱ्या बाईनं महिन्याचे चार दिवस आणि एसटीचं भाडं कुठून काढायचं? शेवटी मावसबहिणीच्या ओळखीनं पुण्यात बसणाऱ्या एका ताईंशी गाठ पडली. त्या मनोसामाजिक कार्यकर्त्या, म्हणजे आधी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि वर दोन वर्षांचं मानसोपचार समाजकार्याचं एम. फिल., रुग्णालयात पेशंटांबरोबर काम करून केलेलं. मूळच्या लातूरकडच्या. फी ऐपतीप्रमाणे घेतात. फेब्रुवारीपासून दर गुरुवारी पन्नास मिनिटं, व्हिडिओवर.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या दुखण्याचं काहीच विचारलं नाही. आत्ता तुम्ही नेमक्या कुठं बसलाय, पूर्ण पत्ता सांगा म्हणाल्या. जवळच्या कुणाचा नंबर, जवळचा दवाखाना, हे लिहून घेतलं. रेंज गेली तर मी साध्या फोनवर लावीन, दहा मिनिटं वाट बघा. जे बोलाल ते माझ्यापाशी राहील, पण तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मला तोंड उघडावं लागेल, ते मी आधी तुम्हाला सांगेन. आणि मधेच कुणी खोलीत आलं तर? आम्ही एक वाक्य ठरवलं. "लसीकरणाची यादी नंतर देते." मी असं म्हटलं की त्या विषय बदलणार. हे वाक्य मी तीनदा वापरलं.

पुराबद्दल त्या महिनाभर बोलल्या नाहीत. आधी झोप. आधी अंग थाऱ्यावर आणणं. ऊर धडधडायला लागलं की पाय जमिनीला टेकवून दिसणाऱ्या पाच गोष्टींची नावं घ्यायची, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक. माझं ठरलेलं होतं: चूल, उतरंड, लेकीचं दप्तर, भिंतीवरचं कॅलेंडर, दारातली तुळस. ऐकायला खुळचट वाटतं. मलाही वाटलं होतं. त्यांनी समजावलं की तुमच्या अंगातली धोक्याची घंटा त्या रात्री वाजली ती अडकून राहिलीय, पाऊस आणि पूर यातला फरक तिला पुन्हा शिकवायचा आहे. मग हळूहळू शिकवला. मोबाईलवर पावसाचा आवाज, अगदी बारीक, दोन मिनिटं. पुढच्या आठवड्यात चार मिनिटं. मग पत्र्यावरच्या पावसाचा. मग दिवसाउजेडी नदीच्या वस्तीपर्यंत चालत जाणं, थांबणं, घाबरं कमी होईपर्यंत तिथंच थांबणं, मग परत. काळजीची एक सात प्रश्नांची चाचणी असते, तिचे एकूण गुण एकवीस. पहिल्यांदा माझे सोळा आले होते. मे महिन्यात सहा.

गायीचं बोलणं एप्रिलात झालं. मी दावं सोडलं नाही, हे वाक्य मी इतक्या महिन्यांत कुणापुढं उच्चारलं नव्हतं. ताई म्हणाल्या, त्या रात्री तुम्ही कुठं कुठं होतात ते घड्याळ लावून सांगा. मी सांगत गेले. त्यांनी लिहून मला वाचून दाखवलं. त्यात घराकडं जायला मिळेल अशी मोकळी वेळ कुठंच नव्हती. मी कितीतरी वेळ रडले आणि त्या पलीकडं नुसत्या बसून राहिल्या. ज्या बाईला ट्रॉलीत घातलं होतं तिचा मुलगा आता रांगतो. त्याला डोस पाजताना मी त्याच्याकडं बघते, पण ते मला अजून नीट लिहिता येत नाही.

आता समाजकार्य शिकलेल्या माणसाचा वेगळेपणा कशात असतो ते सांगते, कारण त्यासाठीच मी हे पत्र लिहिते आहे. एका गुरुवारी ताईंनी विचारलं, "डोक्यात एवढी काळजी आहे, त्यातली कागदाची किती आहे?" मी चमकले. त्या पुरात दुधाळ जनावरामागे 37500 रुपये मदत ठरलेली होती. पण आमची गाय वाहून गेली, फोटो नाही, पंचनाम्यात अडकलं. दर वेळी कार्यालयाच्या पायरीवर त्या रात्रीची आठवण उकरून काढायची आणि हात हलवत परत यायचं. ताईंनी विचारलं, "गायीच्या कानात पिवळा बिल्ला होता का?" होता की! बारा आकडी नंबराचा. म्हणजे लसीकरणाच्या वेळी त्याची नोंद पशुवैद्यकीय दवाखान्यात झालेली असणार. पुढच्या सोमवारी मी तो नंबर घेऊन अर्ज दिला. पैसे अजून आलेले नाहीत. पण कागद आता माझ्या हातात आहे आणि कुठल्या टेबलावर जायचं ते मला ठाऊक आहे. त्या आठवड्यात मी चार रात्री सलग झोपले.

मराठवाड्यातल्या माणसाच्या मनातली भीती बहुतेक वेळा अशी कागदाला, कर्जाला, पाण्याला, नवऱ्याच्या दारूला, लेकीच्या लग्नाला चिकटलेली असते. घरातल्या शेतकऱ्यानं जीव दिला की मागे राहिलेली बाई एकीकडं रडत असते आणि दुसरीकडं प्रकरण पात्र ठरणार की अपात्र याच्या चकरा मारत असते. एक लाखाची मदत, त्यातले तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत, आणि त्यासाठी कर्ज, नापिकी, तगादा सगळं सिद्ध करायचं. तिला नुसता श्वास मोजायला सांगून भागत नाही. तिच्या मनाला आणि तिच्या पिशवीतल्या कागदांना एकाच वेळी हात घालणारं माणूस लागतं. ते माणूस व्हिडिओवर पुण्यात बसूनही हे करू शकतं, हे मी अनुभवलं.

माझी आई औसा तालुक्यातली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात तिचा भाऊ ढिगाऱ्याखाली गेला. विसर्जनाची रात्र जागून माणसं नुकती झोपली होती. त्यानंतर आई कित्येक वर्षं उन्हाळा-हिवाळा अंगणातच झोपायची, पत्रा वाजला तरी ओरडत उठायची. घरं बांधून मिळाली. तिला मात्र शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही की माय, तुला झोप का लागत नाही. मीही विचारलं नाही.

राज्यात ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. त्यातलं एकही मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत नाही. ते इथं व्हायलाच हवं. पण माझ्यासारखीला भरती व्हायचं नव्हतं. मला हवं होतं आठवड्यातून पन्नास मिनिटं एकच ओळखीचं माणूस, आणि बोलायला एक बंद खोली.

खोलीचं सांगायलाच हवं. घर दोन खोल्यांचं, सासूबाई, दोन मुली, मालक. पहिल्यांदा ताईंशी बोलायला मी रानात लिंबाखाली गेले, रेंज तिथं चांगली येते. कानात इअरफोन घालून बाई रानात एकटी व्हिडिओवर बोलते, रडते. चौथ्या दिवशी दीर मालकाला विचारत होता की वहिनी कुणाशी बोलते. दुसऱ्या वेळी घरात बसले तर सासूबाई दाराआड. त्या वाईट नाहीत, त्यांना वाटलं मला बाधा झालीय. शेवटी आमच्या उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमनी गुरुवारी दुपारी तीन ते चार त्यांची तपासणीची खोली दिली. ओपीडी तेव्हा संपलेली असते. आतून कडी. आशा उपकेंद्रात गेली तर कुणी विचारत नाही. तिथून पुढं माझा उपचार खऱ्या अर्थानं सुरू झाला.

त्या खोलीत टेबल आहे, इंटरनेट आहे, ई-संजीवनीवर डॉक्टरांशी पेशंटचं बोलणं करून देण्याची सोय आहे. म्हणजे सगळं सामान हजर आहे. माझी मागणी एवढीच आहे की आठवड्यातली एक दुपार प्रत्येक उपकेंद्रात मनासाठी राखून ठेवावी. बाहेर पाटी लावू नये, शुगर-बीपीच्या रांगेतलीच एक चिठ्ठी असू द्यावी. पलीकडं व्हिडिओवर प्रशिक्षित मनोसामाजिक कार्यकर्ता असावा, आणि निदान तीन-चार महिने एका पेशंटला तोच माणूस मिळावा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात या माणसाचं पद आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये त्याची व्याख्याही आहे, पदव्युत्तर पदवी आणि दोन वर्षांच्या एम. फिल.ची. अशी माणसं कमी आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर ऑनलाइन म्हणते. एक ताई सकाळी कळंबच्या बाईशी आणि दुपारी भूमच्या बाईशी बोलू शकते, दोघींचीही एसटी वाचते. आणि आमच्याच जिल्ह्यात तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर 1986 पासून आहे. समाजकार्य शिकणारी मुलं तिथं आहेत, मराठवाड्यातल्या इतर महाविद्यालयांतही आहेत. त्यांना पुढचं प्रशिक्षण देऊन इथंच ठेवलं तर "दावं" म्हणजे काय हे आम्हाला समजावून सांगावं लागणार नाही.

ज्यांना नसलेले आवाज ऐकू येतात, जे आज या घडीला जीव द्यायच्या विचारात आहेत, दारू एकदम सोडल्यावर ज्यांचे हात कापतात, त्यांना स्क्रीनसमोर बसवू नका, दवाखान्यात न्या. नवरा मारतो त्या बाईला घरून फोन करायला लावू नका, मोबाईल तोच तपासतो. आमच्या गावातल्या एका शेतकऱ्याला मी उपकेंद्रात नेलं, तर तो कॅमेऱ्याकडं पाठ करून बसला. ताई म्हणाल्या, बसू द्या. तीन गुरुवार तो भिंतीकडं बघून बोलला. चौथ्या गुरुवारी त्यानं खुर्ची फिरवली. (ओळख पटू नये म्हणून त्याच्याबद्दल अधिक लिहीत नाही.)

आणि ॲपवर पैसे भरण्याआधी वाचकांनी समोरच्याला त्याचं शिक्षण विचारावं. कुठून शिकलात, कुणाच्या देखरेखीखाली काम केलंत, मधेच मला त्रास झाला तर काय कराल, हे तीन प्रश्न. खरा जाणकार रागावत नाही. आमच्या ताईंनी तर मी न विचारता सांगितलं.

पत्र छापलंत तर माझं नाव घालू नये ही विनंती. मला लाज वाटते म्हणून नव्हे. मालकांना, सासूबाईंना, दोन्ही लेकींना मी सगळं सांगितलं आहे. पण माझ्या नावावरून गाव कळेल, आणि गाव कळलं की गुरुवारी तीन वाजता त्या खोलीत कोण जातं तेही कळेल. सध्या आम्ही पाच जण जातो.

आपली,
एक आशा स्वयंसेविका
ता. परंडा, जि. धाराशिव